शिक्क्यातलं साल

मृग निघायच्या आधी मावळात शाकारणी उरकून घ्यावी लागे. पाख्यावर चढायचं, फुटलेली कौलं काढायची, सरकलेली बसवायची. एवढं केलं नाही तर पाऊस थेट चुलीत. तिकोण्याच्या पायथ्याच्या पेठेत काय किंवा पवनेकाठच्या कुठल्याही गावात काय, ही कौलं नळीची असत. कुंभार चाकावर नळकांडं ओढायचा, ओलं असतानाच उभं चिरून त्याची दोन करायचा आणि भाजायचा. एकमेकांवर नुसती ठेवलेली, खिळा नाही की खाच नाही. वानरांचा कळप एकदा पाख्यावरून गेला की सगळं मुसळ केरात!

ही दरसालची कटकट ज्यानं बरीचशी मिटवली ते मंगलोरी कौल. जुन्या घराची उतरवलेली कौलं उलटीपालटी करून पाहिली, तर एखाद्यावर इंग्रजी शिक्का सापडतो: बासेल मिशन, मंगलोर, 1865. शिक्का पाहून ‘घर दीडशे वर्षांचं’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांचा हिरमोड करायचा नसेल तर गप्प बसावं. साल कारखान्याचं आहे. ते कौल पुढे कधीही भाजलेलं असू शकतं.

पण मिशनच्या लोकांनी कौलं का भाजावीत?

स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात 1815 साली ही संस्था निघाली. कंपनी सरकारच्या 1833 च्या सनदेनं ब्रिटिशेतर मिशनऱ्यांनाही हिंदुस्थानची वाट मोकळी झाली आणि पुढच्याच वर्षी तिघे जण मंगळुरात उतरले. प्रवचनं, शाळा, पुढे शिळाछाप छापखाना, सगळं रीतसर. अडचण वेगळीच निघाली. त्यांच्याकडे येणाऱ्यांत ताडी काढणारे बिल्लव बरेच होते. चर्चला ताडी मंजूर नव्हती, म्हणजे बाप्तिस्मा झाला की धंदा गेला. जातीनं वाळीत टाकलं की कुळाची जमीन आणि घर जायची पाळी. माणूस चर्चच्या दारात उभा, आणि संध्याकाळी खायचं काय? नुसती मदत वाटत बसलं तर ती कधी संपणार?

हा प्रश्न आपल्याकडेही आला. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी त्यावर बेथेल नावाचं गावच वसवलं. दुष्काळातल्या बायकामुलींसाठी पंडिता रमाबाईंनी केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. मंगळूरकरांनी आधी बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. शेती झाली, घड्याळं दुरुस्त करायचं शिकवून झालं, जमलं नाही. हातमाग मात्र जमला. मिशनच्या योहान हालरनं 1851 नंतर तो नीट लावला आणि तिथल्या रंगाऱ्यांनी काढलेला खाकी रंग पुढे फौजेच्या अंगावर गेला, असं सांगतात.

कौलाचं डोकं मिशनच्याच गेऑर्ग प्लेब्स्टचं. नेत्रावतीकाठची चिकणमाती त्यानं हेरली. आल्सासमधल्या आल्टकिर्शच्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. त्याच जातीचं कौल त्यानं 1865 साली मंगळुरातल्या जेप्पूला साच्यातून काढलं. सुरुवातीला यंत्र बैलांच्या जोडीवर चाले. बारकावा खाचेत आहे: कौल शेजारच्या कौलात बसतं आणि पोटाखालच्या नाकानं रिपेला धरून राहतं. वारा, वानर, दोघांचंही फारसं चालत नाही.

मलबारच्या फेरोक, पालघाटपर्यंत मिशनचे सात कारखाने झाले. फत्तेमारीत भरून कौलं कोकणात, मुंबईत उतरली. बोरघाटातून 1863 पासून गाडी धावत होती, म्हणजे घाटावर यायलाही रस्ता तयारच होता. बासेलमध्ये मात्र धर्मप्रसाराच्या पैशात व्यापाराचा हिशेब मिसळायचा का, यावर वाद व्हायचे. मला त्याहून दुसरी गोष्ट खटकते. मजुरी देणारा आणि रविवारी पाप-पुण्य सांगणारा एकच; अशा मालकाशी मजुरानं भांडायचं कसं?

पहिल्या महायुद्धात मिशनमधली जर्मन माणसं शत्रू ठरली. सरकारनं कारखाने ताब्यात घेतले आणि ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तोवर इतरांनीही तसलीच कौलं काढायला सुरुवात केली होती. कौलाला नाव मात्र मंगळूरचंच राहिलं.

मावळात ते आधी पैसेवाल्यांच्या घरावर चढलं. नळीच्या कौलाला वेड्यावाकड्या वाशांवरही भागतं. मंगलोरीला सरळ कापलेली रीप लागते, तीही सारख्या अंतरावर, म्हणजे सुतार आला आणि लाकूड विकत आलं. बाप्तिस्म्यापायी ज्यांचा धंदा गेला त्यांच्यासाठी काढलेलं हे कौल. त्यानं घाटावरच्या कुंभाराचं शाकारणीच्या दिवसांतलं गिऱ्हाईक नेलं. त्याला कुठलं मिशन भेटलं नाही.

पुढे सिमेंटचे नि लोखंडी पत्रे आले आणि मंगलोरी कौलंही खाली उतरली. आता पवनेच्या जलाशयाभोवतीच्या बंगल्यांवर ती पुन्हा दिसतात. बऱ्याचदा खाली स्लॅब असतो, कौल नुसतं शोभेला.