गोदामातला गलका

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आधी वाटले, शाळेच्या स्थापनेपासूनचा इतिहास लिहावा. पण ते काम आपले गुरुजन माझ्यापेक्षा नेटके करतील. मी लिहिते आहे तो इतिहास कोणत्याही हजेरीपटात किंवा अहवालात सापडणार नाही. तो आहे स्टेशनकडच्या रस्त्यावरच्या आपल्या बास्केटबॉलच्या गोदामाचा, आणि मुख्यतः तिथल्या आवाजाचा.

१९९६ च्या दहावीच्या आणि १९९८ च्या बारावीच्या बॅचला त्या गोदामाची ओळख करून देण्याची गरज नाही. नंतर आलेल्यांसाठी सांगते. विटांच्या उघड्या भिंती, वर टिनाचे पत्रे, खाली सिमेंटचा कोबा, पत्र्याखालच्या कैच्यांवर कबुतरे. दोन्ही टोकांना बोअरच्या जुन्या पाइपांवर उभे केलेले फळे आणि गावातल्याच वेल्डिंगवाल्याने वाकवून दिलेल्या रिंगा. जाळी पहिल्याच वर्षी फाटली, ती पुन्हा कधी लागली नाही. बॉल टप्पा खायचा तो एकदा, पण ऐकू यायचा चारदा. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की शिट्टीही ऐकू यायची नाही. मग खेळाचे सर लाल रुमाल हलवून खेळ थांबवायचे. पंचाच्या हातांच्या खुणा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, पावसामुळे शिकलो.

शाळेला असे गोदाम मिळाले कसे? त्याचे उत्तर आपल्या गावाच्या नावातच आहे. आपल्या जिल्ह्यात चांदूर दोन. एक चांदूर बाजार आणि दुसरे आपले, ज्याच्या नावाला रेल्वे कायमची चिकटली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मग या मार्गावरच्या गावोगावी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि रुईच्या गाठी ठेवायची गोदामे उभी राहिली. आपले गोदाम त्याच कुळातले. आमच्या वेळेपर्यंत तिथले जिनिंग बंद पडले होते. रिकामी जागा शाळेने भाड्याने घेतली होती, आणि कोब्याच्या भेगांत सरकीचे दाणे तेव्हाही सापडायचे.

एवढा आवाज तिथे का घुमायचा, हे मला पुढे अभियांत्रिकीला गेल्यावर कळले. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस साबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक तक्रार सोपवली. नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजत नव्हते, कारण तिथे आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. साबिनने रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तिथे मांडल्या आणि मोजले, किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते. त्यातून नियम निघाला: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ टिकतो, आणि आत आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर विरतो.

मी आपल्या गोदामाचा हिशेब मांडून पाहिला. सरांनी चुन्याने आखलेले २८ बाय १५ मीटरचे पूर्ण कोर्ट तिथे जेमतेम बसले होते. म्हणजे जागा साधारण ३० बाय १८ मीटर, उंची सरासरी ७ मीटर धरू. वीट, कोबा आणि पत्रा आवाज पीत नाहीत असेच म्हणायला हवे. त्यांचे शोषण शंभरात पाच धरले तर उत्तर येते सुमारे सात सेकंद. साबिनच्या नापास व्याख्यानगृहापेक्षा दीड सेकंद जास्त! पण हेच गोदाम कापसाने भरलेले असताना, अर्धा पृष्ठभाग कापसाखाली झाकलेला आणि तो निम्मा आवाज पिणारा असे धरले, तर घुमणे एक-सव्वा सेकंदावर येते. म्हणजे गोदामात कापूस होता तोवर तिथे हमालाने मारलेली हाकही जागीच विरत असणार. कापूस गेला, आणि मग आमचा गलका सुरू झाला.

हा खेळच मुळात बंदिस्त जागेसाठी जन्मला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला कडाक्याच्या थंडीत मुलांना आत गुंतवून ठेवायचे होते. त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवरच असते. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ जण होते आणि अख्ख्या सामन्यात एकच गोल झाला. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नव्हता. एप्रिलमध्ये पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा प्रश्न सावलीचा होता. कारण वेगळे, पण आपणही छपराखालीच आलो.

मुलांचा संघ आधीपासून होता. आम्हा मुलींना सरांनी नववीत बोलावले. पहिले पंधरा दिवस आम्ही मुकाट खेळलो. बॉल हवा असला की नुसता हात वर करायचा, चूक झाली की ओढणी तोंडाला लावून हसायचे. सर वैतागले. "पोरीहो, जिले बॉल पाहिजे तिनं हाक मारली पाहिजे. मुक्यानं बॉल भेटत नाही." घरी, रस्त्यावर, वर्गात आम्हाला आजवर जे शिकवले होते त्याच्या हे नेमके उलट होते. हळू बोल, हळू हस, दात दिसू देऊ नको. पहिली हाक आमच्या कॅप्टनने मारली. ती हाक सात सेकंद घुमली आणि कबुतरे उडाली. आम्ही सगळ्या हसलो, तेही सात सेकंद घुमले. मग आम्हाला कोणी थांबवू शकले नाही.

थांबवायचा प्रयत्न मात्र झाला. आसपासच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी शाळेत येऊन सांगितले, "पोट्ट्या बोंबलून राह्यल्या, घरापर्यंत आवाज येते." सरांनी त्यांचे ऐकून घेतले आणि तोडगा काढला: मुलींचा सराव असेल तेव्हा रस्त्याकडचा मोठा दरवाजा लावून घ्यायचा. यातली गंमत मला साबिन वाचल्यावर कळली. आवाज किती शोषला जातो याचे माप त्याने उघड्या खिडकीवरून ठरवले होते. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आपला चार मीटर लांब-रुंद दरवाजा उघडा असला तर घुमणे सहा सेकंदांच्या आत येत होते. तो बंद केला की पुन्हा सात! आवाज कमी व्हावा म्हणून दार लावले, आणि आत आमचा गलका वाढला. बाहेर किती गेला ते त्या गृहस्थांनाच ठाऊक.

अकरावीत जिल्हा स्पर्धेसाठी आम्ही अमरावतीला गेलो. सकाळच्या पॅसेंजरने मालखेड, टिमटाळा करत बडनेरा आणि तिथून पुढे अमरावती. सामना उघड्या मैदानावर होता. पहिल्या पाच मिनिटांत आमची दाणादाण उडाली. खेळ बरा होता, पण एकमेकींचे ऐकूच येत नव्हते. आम्हाला भिंतींची सवय, इथे हाक तोंडातून निघायची आणि निंबाच्या झाडांत जाऊन संपायची. मध्यंतरात कॅप्टन ओरडली, "अवं जोरानं बोंबला न वं! इथं पत्रे नाहीत!" उत्तरार्धात आम्ही जीव खाऊन ओरडलो, बरेच गुण भरूनही काढले, पण चार गुणांनी हरलो. परतीच्या गाडीला वेळ होता. आमचे उतरलेले चेहरे पाहून सरांनी आम्हाला हव्याप्र मंडळ दाखवायला नेले.

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केले, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही माहीत असते. तिथे सरांनी सांगितले की १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाचा चमू जर्मनीला गेला होता आणि कबड्डीसारखे आपले देशी खेळ त्याने तिथे जगाला दाखवले. मल्लखांबावर लहान मुले चढत होती, आम्ही पाहत होतो. अमरावतीहून बर्लिन एवढे जवळ असेल असे तोवर वाटले नव्हते.

त्यातला उरलेला धागा मला फार उशिरा सापडला. बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा समावेश झाला तोही १९३६ मध्ये, त्याच बर्लिनला. म्हातारा नेस्मिथ स्वतः तिथे हजर होता. आणि सामने झाले उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस कोसळला. चिखलात बॉल टप्पाच घेईना, आणि अमेरिकेने कॅनडाला हरवले ते अवघ्या १९ विरुद्ध ८ असे. छपराखाली जन्मलेला खेळ उघड्यावर आला की ऑलिम्पिकच्या खेळाडूंचीही तारांबळ होते, हे अकरावीत माहीत असते तर गाडीत आम्ही एवढ्या रडलो नसतो.

बर्लिनच्या त्या चिखलात बास्केटबॉल खेळणारे सगळे पुरुष होते. बायका हा खेळ खेळत नव्हत्या असे मात्र नाही. नेस्मिथच्या पहिल्या सामन्यानंतर काही महिन्यांतच, १८९२ मध्ये, जवळच्याच स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. तिला नियम बदलावे लागले. कोर्टाचे तीन भाग केले, एका भागातल्या मुलीने दुसऱ्यात जायचे नाही, बॉल हिसकावून घ्यायचा नाही, कारण मुलींना धावपळ झेपत नाही असा तेव्हाचा समज होता. १८९३ मधला त्यांचा पहिला सामना आणि १८९६ मधला स्टॅनफर्ड विरुद्ध बर्कली हा मुलींचा सामना, दोन्ही ठिकाणी पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. म्हणजे तिथेही आपल्यासारखेच: खेळा, पण दार लावून. ऑलिम्पिकमध्ये बायकांचे बास्केटबॉल आले ते १९७६ मध्ये, माँट्रियलला. पुरुषांनंतर बरोबर ४० वर्षांनी. आज पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार म्हणून खेळलेली आपण पाहतो, त्यामागे अशी कितीतरी दारे आहेत.

आमची कॅप्टन बारावीनंतर खेळली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न ठरले. मी अमरावतीला अभियांत्रिकीला गेले. वर्गात मुली मोजक्याच होत्या, आणि पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला तेव्हा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. पुढे पुण्यात कंपनीतल्या बैठकांमध्येही तो गेला. याचे सगळे श्रेय गोदामाला द्यावे की नाही, ते सांगता येत नाही. पण आमच्यातली सगळ्यात चांगली खेळाडू मी नव्हते, ती होती. तिचा नेम पाचात चारदा लागायचा, माझा दोनदा. हे मी दर वेळी स्वतःला आठवून देते.

गेल्या दिवाळीत तिला भेटले. तिची मुलगी आता आपल्याच शाळेत नववीत आहे. गोदाम पाडून तिथे दुकानांचे गाळे झाले, त्यालाही बरीच वर्षे लोटली. मुलीला विचारले, शाळेत कोणता खेळ खेळतेस? ती इतक्या हळू बोलली की मला दोनदा विचारावे लागले. कॅप्टनने तिच्याकडे पाहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काहून वं, तोंडात मूग धरले काय?" आम्ही तिघी हसलो. पण घरी परत येताना ते हसू काही टिकले नाही.

म्हणून या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने एक मागणे आहे. शाळेला भेट काय द्यायची यावर आपल्या ग्रुपवर बरीच चर्चा चालू आहे. संगणक, वॉटर कूलर, रंगकाम, सगळे आवश्यकच आहे, आणि संगणकांचे काम मी आनंदाने अंगावर घेईन. पण त्याबरोबर शाळेच्या आवारात पत्र्याचे एक छप्पर, खाली कोबा आणि दोन रिंगा एवढेही करू या. खर्च आपल्या आवाक्यातला आहे, मी दोन ठिकाणी चौकशी केली आहे. हिशेब मेळाव्याच्या दिवशी घेऊन येते. आवाज घुमू नये म्हणून वरून काही लावायची गरज नाही. आणि दरवाजा ठेवायचाच झाला तर मुलींच्या सरावाच्या वेळी तो उघडा राहील एवढे शाळेकडून कबूल करून घेऊ.

सर मेळाव्याला येणार आहेत असे कळले. त्यांना आता ऐकायला कमी येते म्हणे. आपण सगळ्या जमलो की तो प्रश्न सुटेल. कॅप्टनला मी सांगून ठेवले आहे, पहिली हाक तिनेच मारायची.