घोड्यांचे क्लोनिंग : कारणे आणि वाटचाल

क्लोनिंगने जन्मलेला अश्ववर्गातील पहिला प्राणी घोडा नव्हे, खेचर होते. ४ मे २००३ रोजी अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठात ‘आयडाहो जेम’ जन्मला. खेचर बहुधा वांझच असते. त्यामुळे उत्तम खेचराचा वंश एरवी पुढे चालवता येत नाही. त्याच महिन्यात इटलीतील क्रेमोना येथे ‘प्रोमेतेआ’ ही पहिली क्लोन घोडी जन्मली, तीही पेशी देणाऱ्या घोडीच्याच पोटी.

पुढे व्यवहारी कारणे ठळक झाली. स्पर्धेतले अनेक घोडे लहानपणीच खच्ची केले जातात. त्यांचा वंश क्लोनमार्फतच चालू शकतो. अर्जेंटिनात ‘क्वार्तेतेरा’ या नामांकित घोडीचे क्लोन पोलोच्या मैदानात उतरले. २०२० साली टेक्सासमध्ये १९८० पासून गोठवून ठेवलेल्या पेशींतून प्रझेवाल्स्की या दुर्मीळ रानघोड्याचे शिंगरू जन्मले. तेथे हेतू जातीचे जनुकीय वैविध्य राखण्याचा होता.