पहारा सोडून पिसांच्या मागे

महागड्या हॉटेलातल्या गुबगुबीत उशीत ‘पिसं’ भरलेली असतात, असं आपण सरसकट म्हणतो. लेबल वाचलं तर मात्र दोन वेगळे आकडे दिसतात: डाऊन इतके टक्के, फेदर इतके टक्के. मी दिवसभर कोड लिहितो. एका नावाखाली दोन गोष्टी दडलेल्या दिसल्या की मला स्वस्थ बसवत नाही.

फेदर म्हणजे आपल्या ओळखीचं पीस. मधोमध दांडी, दोन्ही बाजूंना तंतू आणि ते बारीक हुकांनी एकमेकांत अडकलेले. डाऊन असतं त्याच्या खाली, पक्ष्याच्या अंगालगत. त्याला दांडी जवळजवळ नसतेच, नुसते चहूकडे सुटलेले मोकळे तंतू. रुईची म्हातारी उडताना पाहिली असेल, तर साधारण तसंच. या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा ऊब धरते. म्हणून रजईला डाऊन चांगलं. पीस बाकदार असतं, दाबलं की परत उसळतं. म्हणून उशीला आधार देतं, पण कधीकधी टोचतंही.

हा फरक रोमन लोकांना ठाऊक होता. इसवी सन ७७च्या सुमारास थोरल्या प्लिनीने ‘नॅचरलिस हिस्टोरिया’ या ग्रंथात लिहिलंय, की हंसबदकांची पिसं काही ठिकाणी वर्षातून दोनदा उपटतात, अंगालगतची पिसं सर्वांत मऊ असतात आणि सर्वांत नावाजलेली जर्मेनियाची. भाव? पौंडाला ५ दिनार. त्या काळी साध्या रोमन शिपायाचा वर्षाचा पगार होता २२५ दिनार. म्हणजे जेमतेम ३२७ ग्रॅम पिसांसाठी आठ दिवसांचा पगार!

मग व्हायचं तेच झालं. साहाय्यक पलटणींच्या अधिकाऱ्यांवर आरोप होऊ लागले, की ते सरहद्दीवरचा पहारा सोडून अख्ख्या तुकड्या बदकं पकडायला पाठवतात. प्लिनी स्वतः जर्मेनियात लष्करी अधिकारी होता, त्यामुळे त्याच्या चिडण्याला वजन आहे. आता पुरुषांच्या मानांनाही पिसांच्या उशीशिवाय चालत नाही, असा टोमणा तो मारतो.

आइसलँडमध्ये याच्या नेमकं उलट घडलं. तिथली आयडर बदकाची मादी स्वतःच्या छातीवरचं डाऊन काढून घरट्यात अंथरते. शेतकरी ते घरट्यातूनच गोळा करतात. किलोभर डाऊनला सुमारे ६० घरटी लागतात. पक्षी आला नाही, तर डाऊनही नाही. त्यामुळे शेतकरी कोल्ह्यांपासून घरट्यांची राखण करतात. १८४७पासून आयडरला तिथे कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे.

मऊपणाच्या हव्यासापायी रोमन सैनिकांनी पहारा सोडला, तर आइसलँडच्या शेतकऱ्यांनी पहारा धरला. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटणं आजही पुरतं थांबलेलं नाही. लेबलवर डाऊनचे टक्के असतात, पण ते पक्ष्याच्या अंगावरून कसं आलं, हे अनेकदा नसतं. किंमत बघण्याआधी मी आता तेवढं विचारतो.