इन्कम टॅक्सच्या कायद्यातला घोडा

आपल्याकडे 'मायलेज' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, गाडी किती देते? इथे इंग्लंडमध्ये नोकरदार माणूस 'मायलेज' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो. कंपनीच्या कामासाठी स्वतःची गाडी किती मैल पळवली, आणि तो खर्च कोणाच्या खिशातून गेला? मी इथे सॉफ्टवेअरचं काम करतो. टीममधले बरेच जण क्लायंटकडे स्वतःच्या गाडीने जातात. त्यावर टॅक्समध्ये सवलत मिळते, हे त्यातल्या अनेकांना माहीतच नसतं. आणि ज्यांना माहीत असतं, त्यांना नियम विचित्र वाटतात. आजचा एपिसोड त्या नियमांच्या इतिहासाचा आहे. तो कळला की नियम आपोआप कळतात.

सुरुवात करूया 1853 पासून. ब्रिटनचा अर्थमंत्री होता ग्लॅडस्टन. त्याचा प्लॅन असा, की इन्कम टॅक्स हळूहळू कमी करत 1860 मध्ये बंदच करून टाकायचा. मध्ये क्रिमियाचं युद्ध आलं आणि प्लॅन गुंडाळला गेला. गंमत बघा, टॅक्स जिथून जाणार होता तिथून गेला नाहीच, उलट त्याच 1860 साली जेम्स विल्सनने तो भारतातही आणला. 1857 च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायला.

तर 1853 च्या त्या कायद्यात पगारदारांसाठी एक कलम होतं. नोकरी करताना प्रवासाचा खर्च करावाच लागत असेल, किंवा कामासाठी घोडा पाळावा लागत असेल, तर तो खर्च उत्पन्नातून वजा करा. म्हणजे घोड्याची चंदी, तबेला, नाल ठोकणं, सगळं! बाकीच्या खर्चांसाठी मात्र अट कडक होती. खर्च संपूर्णपणे, फक्त आणि अपरिहार्यपणे कामासाठीच झालेला हवा.

यामागचा विचार साधा आहे. साहेबाच्या कामासाठी जे पैसे खर्च झाले, ते आपलं उत्पन्नच नाही. मग त्यावर टॅक्स कसला? म्हणजे ही सवलत काही सरकारची मेहेरबानी नाही. हिशेब बरोबर करण्याचा तो एक भाग आहे.

पण 'कामासाठी' म्हणजे नक्की काय? खरं भांडण इथे सुरू होतं.

1920 च्या दशकातली एक केस आहे, रिकेट्स विरुद्ध कॉल्कहून. रिकेट्स हे लंडनचे बॅरिस्टर. त्याशिवाय पोर्ट्समथ शहरात ते 'रेकॉर्डर' होते, म्हणजे अर्धवेळ न्यायाधीश. कोर्ट भरलं की लंडनहून रेल्वेने जायचं, हॉटेलात राहायचं. विग आणि झगा ठेवलेली पत्र्याची पेटी कोर्टापर्यंत न्यायचा खर्चसुद्धा त्यांनी मागितला होता. केस थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि ते हरले. न्यायाधीशांचं म्हणणं होतं, तुम्ही लंडनमध्ये राहता ही तुमची निवड. तुमचं काम पोर्ट्समथला पोचल्यावर सुरू होतं. त्या पदावर जो कोणी बसेल त्या प्रत्येकाला जो खर्च करावाच लागेल, तोच वजा होणार.

घरापासून ऑफिसपर्यंतच्या रोजच्या प्रवासावर तिथे सवलत का मिळत नाही, त्याचं उत्तर याच विचारात आहे. तुम्ही ऑफिसपासून 5 मैलांवर राहा नाहीतर 50 मैलांवर, ते तुमचं तुम्ही ठरवलंय.

आता दुसरी केस. माझी सगळ्यात आवडती, कारण ती गाडीची आहे. वेल्समध्ये फिशगार्ड नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे डॉ. ओवेन यांची प्रॅक्टिस होती आणि 15 मैलांवरच्या हॅव्हरफर्डवेस्टच्या हॉस्पिटलमध्ये ते अर्धवेळ काम करायचे. इमर्जन्सीचा फोन आला की स्वतःच्या गाडीने निघायचं. हॉस्पिटल मैलाप्रमाणे पैसे द्यायचं, पण एका वेळच्या फक्त 10 मैलांचे. उरलेले 5 मैल डॉक्टरांच्या खिशातून. कर खातं म्हणालं, तुम्हाला मिळालेले मायलेजचे पैसे हे उत्पन्न, त्यावर टॅक्स भरा. आणि वरच्या 5 मैलांचा खर्च वजा होणार नाही.

1969 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. का? कारण फोन उचलल्या क्षणी त्यांची जबाबदारी सुरू होत होती. पेशंटची अवस्था ऐकून ते फोनवरच सूचना द्यायचे. म्हणजे काम घरातूनच सुरू झालं होतं, गाडीतला प्रवास हा दोन कामाच्या जागांमधला होता. रिकेट्स कामाकडे जात होते, ओवेन कामावर असताना जात होते. फरक एवढाच, पण आजही सगळा नियम त्याच्यावरच उभा आहे.

आणि तो घोडा? तो कुठेच गेला नव्हता! 1988 च्या कायद्यातही 'घोडा पाळण्याचा खर्च' हे शब्द जसेच्या तसे होते. आमच्या फील्डमध्ये जुना कोड असतो ना, तो काय करतो कुणालाच नीट आठवत नाही पण डिलीट करायची हिंमतही होत नाही, तसंच. शेवटी 1998 मध्ये प्रवासाचे नियम नव्याने लागू झाले, तेव्हा घोडा बाहेर पडला. त्याच वेळी एक महत्त्वाची गोष्ट आली: तात्पुरत्या कामाच्या जागी जाण्याच्या प्रवासाला सवलत. तुमचं ऑफिस एकीकडे आणि क्लायंटची साइट दुसरीकडे असेल, तर तो प्रवास धरता येतो. मात्र बराचसा वेळ त्याच साइटवर जाणार असेल आणि काम 24 महिन्यांपेक्षा जास्त चालणार हे स्पष्ट झालं, तर तीच तुमची कायमची जागा मानली जाते आणि सवलत थांबते. आयटीवाल्यांनो, हे लक्षात ठेवा.

मग 2002. त्याआधी दर इंजिनाच्या साइझवर ठरायचा. गाडी जितकी मोठी तितका दर जास्त. पर्यावरणाच्या दृष्टीने हे उलटंच होतं. एप्रिल 2002 पासून सगळ्या गाड्यांना एकच दर आला: वर्षातल्या पहिल्या 10,000 मैलांना 40 पेन्स, पुढे 25. सायकललासुद्धा 20 पेन्स! 2011 मध्ये 40 चे 45 झाले आणि मग दहा वर्षांहून जास्त काळ तो आकडा तसाच राहिला. पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, गाडीची झीज, सगळं त्या एका दरात धरलेलं. ना बिलं जोडायची, ना भांडायचं. फक्त मैल मोजायचे.

आता हे कोणाला खरंच उपयोगी आहे? माझी मावसबहीण इथे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. तिची एजन्सी मैलाला 20 पेन्स देते. एका वर्षात एका घरून दुसऱ्या घरी जाताना ताईची गाडी 8,000 मैल चालली. कायद्याचा दर 45, म्हणजे मैलामागे 25 पेन्सचा फरक. 8,000 मैलांचे झाले 2,000 पाउंड. थांबा, हे पैसे हातात मिळत नाहीत! एवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. ताई 20 टक्के टॅक्स भरते, म्हणून तिचे वाचतात 400 पाउंड. तिच्या पगारात 400 पाउंड म्हणजे महिन्याचा किराणा आणि वर थोडे. एजन्सी 45 पेन्स देत असती, तर क्लेमच नसता.

क्लेम करायला कमिशन खाणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. खर्च 2,500 पाउंडांपर्यंत असेल तर पी-87 हा फॉर्म आहे, त्याहून जास्त असेल तर सेल्फ असेसमेंट रिटर्न. मात्र नोंद हवी: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती मैल. फोनमधल्या साध्या स्प्रेडशीटवर होतं. आणि मुदत आहे चार वर्षांची, ते टॅक्स वर्ष संपल्यापासून. म्हणजे 2022-23 चा क्लेम 5 एप्रिल 2027 पर्यंत. त्यानंतर ते पैसे गेले.

रिकेट्स आणि ओवेन दोघंही शिकलेले, पैसेवाले, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढू शकणारे. ताईसारख्यांना तिथवर जायची गरज उरली नाही, हेच या दीडशे वर्षांचं फळ आहे. पण हक्क आहे हे माहीतच नसेल तर मुदत गपचूप संपते, सरकार घरी येऊन सांगत नाही. तेव्हा तुमचं कोणी इथे गाडी घेऊन कामावर फिरत असेल, तर त्यांना हा एपिसोड आजच पाठवा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!