बॅकहँडला उजवा पाय कुठे ठेवायचा?

1934 हे साल आपण वर्धेकर एका गोष्टीसाठी लक्षात ठेवतो: जमनालालजींच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्याला आले ते याच वर्षी. त्याच वर्षी लंडनमध्ये लीला राव यांनी विंबल्डनच्या पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांना हरवलं. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत त्या इडा अदामॉफकडून हरल्या. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव, म्हणजे वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. त्या स्वतः टेनिस खेळत आणि संस्कृतात लिहीत; गांधीजींच्या लढ्यावरची त्यांची ‘सत्याग्रहगीता’ 1932 मध्ये पॅरिसला छापली गेली. एकाच घरात रॅकेट आणि संस्कृत छंद! आपल्या बॅचच्या मुलींनी तर टेनिस पाहिलं ते दूरदर्शनवर, स्टेफी ग्राफचं.

मी रॅकेट धरलं चाळिशी ओलांडल्यावर, पुण्यात. पहिल्याच आठवड्यात ऐकलं, “मॅडम, बॅकहँड दोन हातांनीच मारा, बायकांना एका हाताने झेपत नाही.” मग ग्राफ काय करत होती? म्हणून मी या फटक्याचा इतिहास धुंडाळू लागले.

जुन्या पद्धतीत एका हाताचा बॅकहँड म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूने उजवा पाय डाव्या बाजूला, थेट चेंडूच्या रेषेपलीकडे टाकायचा आणि पाठ थोडी नेटकडे करायची. याला बंद पवित्रा म्हणू. यामागे कारण होतं. 1974 पर्यंत चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा गवतावर होत. गवतावर चेंडू घसरतो, गुडघ्याच्या आसपास राहतो. वाकून, आडवं होऊन, खालून कापत मारणं तिथे सोयीचं. पुढे अमेरिकन स्पर्धा 1978 पासून आणि ऑस्ट्रेलियन 1988 पासून कठीण कोर्टावर गेली. चेंडू खांद्यापर्यंत उसळू लागला. दोन हातांचा बॅकहँड 1930च्या दशकातही होता, ऑस्ट्रेलियाचे मॅकग्रा आणि ब्रॉमविच तसे खेळत. पण तो घरोघरी पोचला तो बोर्ग, कॉनर्स आणि एव्हर्ट यांच्यामुळे. फेब्रुवारी 2024 मध्ये तर पुरुषांच्या पहिल्या दहात एका हाताने बॅकहँड मारणारा एकही उरला नाही. 1973 मध्ये क्रमवारी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

कोर्ट बदललं, तरी शिकवताना “पाय आडवा टाका” ही सूचना तशीच राहिली. आमच्या धंद्यात जुन्या कोडमध्ये अशा ओळी असतात. का लिहिल्या ते कुणाला माहीत नसतं आणि काढायची हिंमत कुणी करत नाही.

म्हणून पायापासून नव्हे, खांद्यापासून सुरुवात करावी. फोरहँडला मारणारा खांदा मागे असतो, त्यामुळे पाय उघडे ठेवूनही चालतं. एका हाताच्या बॅकहँडला तोच खांदा पुढे येतो. चेंडूही पुढच्या पायाच्या पुढेच गाठावा लागतो. तेव्हा अंग आडवं हवंच. प्रश्न फक्त पाय किती ओलांडायचा हा. वेळ असेल तर उजवा पाय तिरका पुढे टाकावा, म्हणजे वजन फटक्यात उतरतं. फार ओलांडला की कंबर अडकते आणि सगळा भार एकट्या खांद्यावर पडतो. चाळिशीनंतर तो खांदा दुसऱ्या दिवशी हिशेब मागतो. दूरचा किंवा खालचा चेंडू कापायचा असेल तर मात्र बंद पवित्राच बरा. सर्व्हिस अंगावर आली आणि पाऊल टाकायला वेळ नसेल, तर पाय उघडे ठेवून नुसते खांदे वळवावेत. आणि डावा हात मागे सोडावा. तो मागे राहिला की छाती लवकर उघडत नाही.

मी एकाच हाताने मारते. उंच चेंडू अजूनही जाळीत जातात. सिमेंटच्या कोर्टावर ते बरेच येतात, म्हणून हल्ली दोन पावलं मागे उभी राहते.