दहावा पंप

सप्टेंबर 2017, यवतमाळ जिल्हा. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात 20 हून अधिक माणसे दगावली. 800 हून अधिक रुग्णालयात दाखल झाली. खालचा दिवस कुणा एकाचा नाही, अनेकांच्या दिवसांवरून जुळवलेला आहे.

सकाळी 6:30. शेतमजूर वावरात पोचतो. फवारणीचा सलग तिसरा दिवस. काल संध्याकाळी डोके दुखत होते. ऊन लागले असेल, घरचे म्हणाले.

6:50. मोनोक्रोटोफॉसची बाटली. लेबलवर लाल त्रिकोण, कवटी, ‘विष’. माहितीपत्रकाची घडी मोडली जात नाही. कृषी केंद्रात सांगितले म्हणून दुसरे औषधही त्याच बादलीत पडते. काठी सापडत नाही. तो हातानेच ढवळतो.

7:10. पहिला पंप, 16 लिटर. अंगात सुती सदरा, तोंडाला रुमाल. हातमोजे, चष्मा, मास्क 1971 च्या कीटकनाशक नियमांत आहेत, वावरात नाहीत.

9:00. यंदा पऱ्हाटी डोक्याला लागली आहे. नोजल वर धरावे लागते. तुषार चेहऱ्यावर उतरतात.

10:20. पाचवा पंप. वारा फिरतो. दुसऱ्या टोकाने सुरुवात करायची तर अर्धे वावर पुन्हा तुडवावे लागेल. तो तसाच पुढे जातो.

11:45. पंप गळतो. पाठ ओली. घाम असेल.

दुपारी 12:30. भाकरी. हात धुतो, साबण नाही. सदरा तोच.

2:15. डोळ्यांपुढे अंधारी. “दोनच पंप राहिले,” तो म्हणतो.

3:40. दहावा पंप. हात थरथरतात, तोंडाला लाळ सुटते.

4:30. उलटी. पित्त समजून लिंबूपाणी देतात.

संध्याकाळी 7:30. श्वास घरघरतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऑटो मिळेपर्यंत 8:15.

रात्री 9:40. रुग्णालय. ॲट्रोपिन सुरू होते. डॉक्टर विचारतात, “औषध कोणतं होतं?” भावाला नाव सांगता येत नाही. बाटली वावरात आहे.

पहाटे 3:20. श्वास यंत्रावर. भाऊ मिळेल त्या गाडीने गावाकडे निघतो.

5:50. यंत्र बंद करतात.

6:30. भावाला बांधावर बाटली सापडते. तो पत्रकाची घडी उलगडतो. उतारा छापलेला आहे: ॲट्रोपिन. त्याच्या वर लक्षणे. त्यांत डोकेदुखीही आहे.