मोटारसायकलीतील यांत्रिक बिघाड आणि चालकाची सुरक्षितता

मोटारसायकल दोन चाकांवर आणि चालकाच्या तोलावर चालते. त्यामुळे चारचाकीत जो बिघाड गैरसोयीवर निभावतो, तो दुचाकीस्वाराला रस्त्यावर पाडू शकतो. काही बिघाड एकाएकी येतात, उदा., टायर फुटणे, साखळी किंवा क्लचची वायर तुटणे. ब्रेकची झीज, स्टिअरिंगमधील ढिलेपणा यांसारखे काही हळूहळू वाढतात. या दुसऱ्या प्रकारात चालकाचा हात रोज थोडाथोडा बिघाडाशी जुळवून घेतो आणि म्हणूनच दोष उशिरा ध्यानात येतो.

अपघातांतील वाटा : अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ च्या त्यांच्या अहवालानुसार वाहनातील बिघाड ३ टक्क्यांहून कमी अपघातांना कारणीभूत होता. त्यातही बहुतेक वेळा पंक्चरमुळे ताबा सुटलेला होता. हे प्रमाण भारताला जसेच्या तसे लावता येत नाही. झिजलेल्या ब्रेकमुळे गाडी उशिरा थांबली, तरी येथील नोंदीत कारण ‘अतिवेग’ असे लागण्याची शक्यता राहते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते.

ब्रेक : जोराने ब्रेक लावताच वजन पुढे सरकते, मागचे चाक हलके होते आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या ब्रेकवर येते. केवळ मागचा ब्रेक दाबण्याची सवय असलेल्यांचा पुढचा ब्रेक निकामी असला, तरी महिनोन्‌महिने कळत नाही. ड्रम ब्रेकमध्ये लायनिंग झिजते, किंवा त्याच्यावर चकाकी येऊन पकड जाते. पावसात ड्रममध्ये पाणी शिरले की पहिले एकदोन दाब वाया जातात. नट आवळून ब्रेक ‘घट्ट’ करता येतो; पण लायनिंग संपत आले असेल, तर आवळण्याने दोष फक्त झाकला जातो. ड्रमवरील दर्शक काटा मर्यादेपलीकडे गेला की ब्रेक शू बदलावेच लागतात. डिस्क ब्रेकमधील ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. जुने ऑइल लांब घाटाच्या उतारावर तापून उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ लागते. पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिनाचा रोध जातो व सगळा भार ब्रेकवर पडतो. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ घ.सेंमी.वरील नव्या दुचाकींना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), तर त्याखालच्यांना किमान सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावर विझायला हवा; तो तसाच राहिला, तर साधा ब्रेक लागतो, पण चाक लॉक होण्यापासूनचे संरक्षण नसते.

स्टिअरिंग : हँडलच्या दांड्यातील बेअरिंगला गॅरेजमध्ये कोनसेट म्हणतात. तो ढिला झाला की ब्रेक लावताना ‘टक्‌’ असा धक्का हाताला जाणवतो. गाडी मेनस्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि फोर्कची खालची टोके धरून पुढेमागे हलवावीत. हालचाल जाणवल्यास कोनसेट ढिला आहे. हँडल मधोमध अडकत असेल, तर बेअरिंगच्या कड्यांना खाचा पडल्या आहेत. ढिला कोनसेट, आऊट झालेली रिम किंवा मागे लादलेले जड ओझे यांमुळे हँडल सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा थरथरते. अशा वेळी हँडल ताठ आवळू नये, वेग हळूहळू कमी करावा. ॲक्सिलरेटर किंचित वाढवावा की नाही, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.

टायर : केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिमी. खोल असावी. ट्यूबचा टायर पंक्चर झाल्यास हवा झटकन जाऊ शकते, ट्यूबलेसमधून ती सहसा सावकाश जाते. धावत्या गाडीत त्या चाकाचा ब्रेक टाळून गाडी सरळ रेषेत थांबवावी.

साखळी : खूप ढिली साखळी उतरते, फार ताणलेली बेअरिंग खाते. बहुतेक गाड्यांत सुमारे २० ते ३० मिमी. झोल ठेवतात. तुटलेली साखळी पुढच्या स्प्रॉकेटपाशी गुंतल्यास मागचे चाक जागीच लॉक होऊ शकते.

इंजिन : टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल कमी पडले की पिस्टन सीझ (जाम) होऊन मागचे चाक लॉक होई; क्लच तत्काळ दाबणे हाच उपाय असे.

विद्युत यंत्रणा : एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो.

कायदा : उत्पादनातच दोष असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार (२०१९ ची दुरुस्ती) सरकार गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधील दोषामुळे सुमारे २.३७ लाख मोटारसायकली स्वतःहून तपासणीसाठी मागवल्या. चाकात साडी-ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. हेल्मेटची सक्ती कलम १२९ मध्ये असून १ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हांकित हेल्मेटच विकता येतात.